घरातला संगणक आणि मुक्त आज्ञावली
(पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावरील भाषणाची सुरुवात अल-ख्वारिज्मीपासून करण्याची आपल्याकडे रीत आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या या गणितज्ञाच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, हे अगदी खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु अभिमान बाराशे वर्षांपूर्वीचा आणि आज घरातल्या संगणकात भरलेला माल मात्र चोरीचा, अशी आपली अवस्था असेल तर त्या अभिमानाचे करायचे काय? म्हणून ख्वारिज्मींना येथेच सलाम करून मी थेट आपल्या आर्णीच्या बाजारपेठेत येतो.

मुलगा अकरावीत गेला किंवा मुलीने पदविकेला प्रवेश घेतला की बाप कापसाचे पैसे हाती येण्याची वाट पाहतो आणि यवतमाळहून किंवा इथूनच एखादा वापरलेला लॅपटॉप घेतो. विकणारा म्हणतो, “काळजी करू नका भाऊ, सगळं टाकून देतो.” हे ‘सगळं’ म्हणजे काय, हे बाप विचारत नाही आणि मुलगा विचारू देत नाही. त्यात हजारो रुपये किमतीच्या आज्ञावल्या असतात, आणि त्यांचे कुलूप फोडलेले असते. ज्या घरात दुसऱ्याच्या शेतातली कैरीसुद्धा विचारल्याशिवाय तोडू नये अशी शिकवण दिली जाते, त्याच घरात हा माल वर्षानुवर्षे नांदतो. कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

कायद्याच्या नजरेला मात्र तो दिसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ६३-ब घालण्यात आले. जाणूनबुजून बेकायदा प्रतीचा वापर करणाऱ्यास कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण गुन्हा हा गुन्हाच. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी दुसरा धोका उरतोच. कुलूप फोडण्यासाठी जी छोटी किल्ली-आज्ञावली चालवावी लागते तिच्याबरोबर आणखी काय आत शिरते, हे चालवणाऱ्याला माहीत नसते. अशा संगणकात सुरक्षेच्या सुधारणाही अनेकदा बंदच ठेवलेल्या असतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या संगणकांत वेळेवर सुधारणा भरलेल्या नव्हत्या तेच प्रामुख्याने सापडले. फाइली कुलूपबंद, आणि उघडण्यासाठी पैसे द्या! शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल असा अडकला तर मुलाने कोणाकडे दाद मागावी?

यावर उपाय महाग नाही. किंबहुना त्याला पैसेच लागत नाहीत. पण ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक आधी समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक संगणकतज्ज्ञ काम करीत. प्रयोगशाळेत भेट म्हणून आलेल्या एका छपाईयंत्रात कागद अडकत असे. कागद अडकला की सर्वांना कळावे, एवढी छोटी सुधारणा त्यांना त्याच्या आज्ञावलीत करायची होती. परंतु मूळ आज्ञा दाखवायला नकार मिळाला. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यांचे म्हणणे असे की, आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याची, तिचे अंतरंग पाहून बदलण्याची, तिची प्रत शेजाऱ्याला देण्याची आणि सुधारलेली प्रतही वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्याला असावी. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘बिनपैशाचे’ आणि ‘आझाद’ हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे बराच घोटाळा झाला. आपल्याला तो होण्याचे कारण नाही. आपल्याकडे मोफत वेगळे आणि आझाद वेगळे. मोबाइलवरची पुष्कळ ॲप मोफत असतात, पण आझाद नसतात. ती पैशांऐवजी आपली माहिती घेतात.

आपल्या मंडळींना ही कल्पना समजावण्यासाठी मी वक्फचे उदाहरण देतो. एखाद्याने विहीर वक्फ केली की तो ती परत मागू शकत नाही, त्याचे वारसही मागू शकत नाहीत, आणि वक्फनाम्यातल्या अटी पुढे चालत राहतात. १९८९ साली स्टॉलमन यांनी लिहिलेला ‘जीपीएल’ हा परवाना बराचसा असाच आहे. आज्ञावली घ्या, सुधारा, वाटा. पण सुधारलेली वाटायची असेल तर त्याच अटींवर वाटा, पुढच्याचा हक्क मारू नका. साम्य पूर्ण नाही, हेही सांगितले पाहिजे. वक्फची मालमत्ता विकता येत नाही, तर मुक्त आज्ञावलीची प्रत विकायला परवाना आडकाठी करीत नाही. आणि विहिरीचे पाणी उपशाने कमी होते, येथे ते होत नाही. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहिला आणि पुढे याच परवान्याखाली खुला केला. आज आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच आहे.

आता रोजच्या कामाकडे वळू. आपल्या मुलांचे संगणकावरचे सर्वांत नित्याचे काम कोणते? कविता लिहिणे नव्हे, चित्रे काढणे नव्हे. फॉर्म भरणे! शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाचा फॉर्म, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र इतक्या केबीच्या आत, सही तितक्या केबीच्या आत, दाखले एकाच पीडीएफमध्ये. मोबाइलने काढलेले छायाचित्र त्यात बसत नाही. मग मुले काय करतात? गुगलवर ‘फोटो साइज कमी करा’ असे शोधतात आणि जे पहिले संकेतस्थळ दिसेल त्यावर छायाचित्र, सही, आधार कार्ड आणि वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, सगळे चढवून मोकळे होतात. ज्या कागदांची झेरॉक्स आपण अनोळखी माणसाच्या हाती देणार नाही, ते कागद आपण अनोळखी देशातल्या अनोळखी संगणकाला देतो. या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर पालकांनी ही ठेवावी.

हे काम घरच्या घरी होते. ‘गिंप’ ही छायाचित्रांवर काम करणारी आज्ञावली १९९५ साली बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिच्यात शेकडो सोयी आहेत, पण आपल्याला दोनच लागतात. पहिली, चित्राची मापे लहान करणे; दुसरी, जेपीजी करताना गुणवत्तेचा आकडा खाली आणणे. क्रमही हाच ठेवावा, आणि त्याचे कारण समजून घ्यावे. मोबाइलचे छायाचित्र साधारण चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे असते. पासपोर्ट आकाराचे ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे छायाचित्र इंचाला दोनशे ठिपके या हिशेबाने २७६ गुणिले ३५४, म्हणजे लाखाच्या आतच ठिपक्यांचे होते. एवढ्याने भार इतका उतरतो की गुणवत्तेला फारसा हात लावावा लागत नाही आणि चेहरा स्वच्छ राहतो. जी मुले मापे तशीच ठेवून फक्त गुणवत्ता दाबतात, त्यांची छायाचित्रे विटकरीच्या चुऱ्यासारखी दिसतात.

दाखले जोडण्यासाठी ‘पीडीएफसॅम बेसिक’ किंवा ‘पीडीएफ अरेंजर’ वापरावे. दोन्ही मुक्त आहेत आणि पाने जोडणे, सुटी करणे ही कामे आपल्याच संगणकात करतात. आधारच्या बाबतीत आणखी एक सोय आहे, ती म्हणजे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारी झाकलेली प्रत. तिच्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. जिथे पूर्ण क्रमांकाची सक्ती नाही तिथे तीच द्यावी.

फॉर्मच्याच अनुषंगाने पासवर्डविषयी. सेतू केंद्रावर किंवा कॅफेमध्ये फॉर्म भरला की तिथला मुलगाच पासवर्ड ठरवतो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती वही सापडत नाही, मोबाइल क्रमांक बदललेला असतो आणि शेवटच्या तारखेला पालक खेटे घालतात. मी त्या मुलांना दोष देत नाही. पासवर्ड आपला आहे, तो त्यांच्याकडे असतोच का? ‘कीपास-एक्ससी’ ही मुक्त आज्ञावली सर्व पासवर्ड एका कुलूपबंद फाइलीत ठेवते. लक्षात ठेवायचा फक्त एक. तो लांब असावा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा चालेल. ही फाइल पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवावी. आणि तो एक पासवर्ड विसरलात तर फाइल कोणीही उघडून देऊ शकत नाही, हे मात्र पक्के समजा. म्हणून तो कागदावर लिहून घरातल्या दागिन्यांच्या डब्यात ठेवायला माझी हरकत नाही.

लेखन आणि हिशेब यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ आहे. ‘ओपनऑफिस’पासून वेगळी होऊन ती २०१० मध्ये ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’च्या छत्राखाली आली. तिचा पडदा मराठीतही करून घेता येतो. पत्र लिहा, अर्ज लिहा, आणि तिथूनच एका कळीने पीडीएफ करा. वडिलांना ज्यात खरा रस वाटेल ते आहे तिचे ‘कॅल्क’, म्हणजे आकड्यांचा तक्ता. समजा बारा क्विंटल कापूस झाला आणि भाव सात हजार धरला तर चौऱ्याऐंशी हजार झाले. वेचाई किलोला दहा रुपये धरली तर बारा हजार वजा जातात. मग बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वाहतूक. प्रत्येकासाठी एक ओळ ठेवा आणि शेवटी बेरीज-वजाबाकीचे सूत्र एकदाच लिहा. आता भाव पाचशेने उतरला तर काय उरेल, हे पाहण्यासाठी एकच आकडा बदलायचा, बाकी तक्ता आपणहून बदलतो. मुलीने हा तक्ता करून वडिलांसमोर ठेवावा. एक तर सूत्रे कायमची पाठ होतील, आणि दुसरे म्हणजे घरात लॅपटॉप कशासाठी आणला याचे उत्तर मिळेल.

अडचणी नाहीत असे नाही. दुसऱ्या आज्ञावलीत केलेली फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर कधी ओळी सरकतात, तक्ते फुटतात. म्हणून अंतिम प्रत नेहमी पीडीएफनेच पाठवावी. एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा नोकरीच्या ठिकाणी मायक्रोसॉफ्टचीच सवय विचारली जाते, हिशेबनीसाकडे टॅलीची अपेक्षा असते, आणि छापखान्यात रंगीत कामासाठी फोटोशॉपवरच भिस्त असते. तेव्हा मुक्त आज्ञावलीवर शिका आणि गरज पडेल ती दुसरी वर्गात रीतसर शिका, असा माझा सल्ला आहे. ज्याला सूत्र समजले त्याला कळी कुठे आहे हे शोधायला एक दुपार पुरते.

आपल्या घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा नांदतात, म्हणून अक्षरांच्या प्रश्नावर थोडे थांबणे भाग आहे. पूर्वी मराठीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत टंकित होई. तो दुसऱ्या संगणकावर नेला की कागदावर मुंग्या चालल्यासारखा दिसे. उर्दूची कथा वेगळी नव्हती. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे १९८१ मध्ये नस्तालीक छपाईयंत्रावर आली आणि १९९४ पासून इनपेजने ती घरोघरच्या संगणकावर आणली, हे उपकार मोठेच. पण इनपेजच्या जुन्या फाइली इनपेजबाहेर वाचता येत नसत, आणि त्याच्या किती प्रती पैसे देऊन घेतलेल्या असत, हे आपण सर्व जाणतो! युनिकोडने हा प्रश्न सोडवला. आता मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा फाँट मुक्त परवान्यावर मिळतो, आणि उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’. या अक्षरांची जुळणी करणारे, म्हणजे ‘क’ आणि ‘ष’ आले की ‘क्ष’ करायचा, ‘बे’नंतर ‘ये’ आली की ती कशी वळवायची, हे ठरवणारे एक छोटे यंत्र फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये बसवलेले आहे. त्याचे नाव ‘हर्फबाझ’. हर्फ म्हणजे अक्षर, आणि फारसीत बाझ म्हणजे खुले. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या तज्ज्ञाने ते जोपासले. आपल्या मोबाइलवर मराठीतला निरोप आणि उर्दूतला शेर सरळ उमटतो, त्यात या फारसी नावाच्या मुक्त आज्ञावलीचा हात आहे. ख्वारिज्मींच्या जोडीने हे नावही मुलांना सांगायला हरकत नाही.

मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची रचना आहे, आणि तो प्रत्येक संगणकात आधीच असतो. शासकीय टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांनी मात्र आपल्या परीक्षेला कोणता कळफलक लागतो, याची वर्गात आधी चौकशी करावी.

बाकीची काही नावे भराभर सांगतो. चित्रफिती आणि ध्वनिफिती यांसाठी ‘व्हीएलसी’. ती पॅरिसच्या एका अभियांत्रिकी संस्थेतील विद्यार्थ्यांनी सुरू केली आणि ती न चालवू शकेल अशी फाइल क्वचितच सापडते. गठ्ठे बांधण्या-सोडण्यासाठी ‘सेव्हन-झिप’. नात किंवा तकरीर ध्वनिमुद्रित करून खरखर कमी करायची असेल तर ‘ऑडॅसिटी’. ज्यांच्याकडे ई-पुस्तके आहेत त्यांनी ‘कॅलिबर’ घ्यावी. ती कोविद गोयल या भारतीयाने २००६ मध्ये सुरू केली. यांतले काहीही उतरवताना शोधपानावरच्या पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी असा मूळ पत्ता स्वतः टंकावा. सेव्हन-झिपच्या खऱ्या पत्त्यात सात आणि झिप यांच्यामध्ये आडवी रेघ आहे आणि शेवटी ओआरजी आहे, एवढे लक्षात ठेवा. मुक्त वस्तूचे नाव लावून भेसळ विकणारे पुष्कळ आहेत.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र घाईत उरकणार नाही. ज्या घरात दृष्टी नसलेले मूल आहे त्या पालकांनी ‘एनव्हीडीए’ हे नाव लिहून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते काम सुरू केले, आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला. पडद्यावरचा मजकूर ही आज्ञावली वाचून दाखवते. मराठीही वाचते आणि उर्दूही. तिचा आवाज यंत्राचा आहे, माणसाचा गोडवा त्यात नाही, पण सवयीने कान तयार होतो. याच कामाच्या विकत मिळणाऱ्या आज्ञावल्या सामान्य घराच्या ऐपतीबाहेर असतात, आणि डोळे नाहीत म्हणून शिक्षण थांबले असे म्हणण्याचे कारण निदान संगणकापुरते तरी आता उरलेले नाही.

जुन्या संगणकांचे काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्यास लागणारी सुरक्षा-चिप त्यांत नाही. असे यंत्र भंगारात काढण्याआधी त्यावर ‘लिनक्स मिंट’ करून पाहावे. दोन जीबी स्मरणशक्तीवर ते चालते, चार असल्यास बरे. ‘रूफस’ या छोट्या मुक्त आज्ञावलीने ते पेनड्राइव्हवर चढवता येते आणि संगणकात काहीही न बदलता त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. पसंत पडले तर मगच बसवा, आणि त्याआधी आपल्या सर्व फाइलींची प्रत काढून ठेवा. यात धांदल करू नये.

शिकवणार कोण, असा प्रश्न शिक्षकबंधू विचारतील. आपल्याच राज्यातील आयआयटी मुंबईने प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प चालवला. साधारण दहा-दहा मिनिटांच्या ध्वनि-चित्रफिती, मराठीतही. लिब्रेऑफिस, गिंप, लिनक्स यांवरच्या. अर्ध्या पडद्यावर फीत लावायची, अर्ध्या पडद्यावर स्वतः करायचे, चुकले की फीत थांबवायची. या फिती उतरवून घेता येतात, म्हणजे इंटरनेट नसलेल्या वर्गातही चालतात. वाचनासाठी ‘किविक्स’ आहे. त्यात मराठी किंवा उर्दू विकिपीडिया पेनड्राइव्हवर भरून वर्गातल्या प्रत्येक संगणकात देता येतो. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर मुले वाचू शकतात.

आणि शेवटी ‘स्टेलॅरियम’. हे घरातले तारांगण आहे. आपले गाव सांगायचे, आर्णीचा अक्षांश सुमारे वीस आणि रेखांश सुमारे अठ्ठ्याहत्तर, की इथल्या आकाशात त्या क्षणी काय दिसते ते पडद्यावर येते. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य बुडताना चंद्र क्षितिजापासून किती अंश वर आहे आणि कोणत्या बाजूला शोधायचा, हे मुलांना आधीच काढता येते. चाँद दिसला की नाही, याचा निर्णय उलेमांचाच, पण कुठे पाहायचे हे मुलांनी सांगावे. दुसरा प्रयोग असा. वर्षातून दोनदा, २७-२८ मे आणि १५-१६ जुलैच्या सुमारास, सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा आपल्या घड्याळात मेमध्ये दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि जुलैमध्ये २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. स्टेलॅरियममध्ये गाव म्हणून मक्का निवडून हे आधी तपासून घ्यावे. मग त्या क्षणी शाळेच्या मैदानात एक सरळ काठी उभी करावी. तिची सावली ज्या दिशेला पडते, तिच्या नेमक्या उलट बाजूला किब्ला. सावलीची रेघ चुन्याने आखून ठेवावी. जुलैमध्ये आपल्याकडे आभाळ भरलेले असते, तेव्हा हा प्रयोग मेच्या सुटीतच करावा आणि मुलांनी डोक्याला रुमाल बांधून यावे.